एका हातावरचा पुश-अप कमरेत अडतो

वाचकाचं पत्र: नमस्कार सर, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. वय 24, वजन 72 किलो. नववीपासून तालमीत जातो. कुस्ती सुटली, पण मेहनत सुटली नाही. रोज 25-25 चे चार सेट मारून 100 जोर काढतो, साधे पुश-अप सलग 45 होतात. पण एका हातावर एकही धड होत नाही. उजव्यावर निम्म्यापर्यंत जातो आणि अंग फिरतं, डाव्यावर तर थेट तोंडावर येतो. दीड महिना रोज प्रयत्न चाललाय. आता उजवं मनगट दुखतंय आणि खांद्यात कट्ट वाजतंय. पोरं म्हणतात, जोर 200 वर ने, आपोआप होईल. खरंच होईल का? 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला पेठेत सगळ्यांसमोर करून दाखवायची पैज लागलीय. तीन महिने हातात आहेत. मला अरे-तुरेच करा.

उत्तर:

जोर 200 वर नेलेस तर 200 जोर काढण्याचा दम येईल, एका हातावरचा पुश-अप येणार नाही. दम तुझ्याकडे आत्ताच भरपूर आहे. कमी पडतंय ते दुसरंच, आणि ते आधी हिशोबाने बघू.

साध्या पुश-अपमध्ये हात सरळ असताना अंगाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर असतो, बाकीचा पायाच्या चवड्यांवर. तुझ्या 72 किलोंपैकी 48 किलो हातांवर, म्हणजे एकेका हाताला 24. खाली जाशील तसा हा भार आणखी थोडा वाढतो. एक हात उचललास की ते जवळजवळ सगळे 48 किलो उरलेल्या हातावर येतात. 24 किलो 45 वेळा ढकलणाऱ्याला 48 किलो एकदा ढकलता येतीलच असं नाही. आपल्याकडे कुणी मेहनत करतो म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती काढतोस?’ असतो, त्यामुळे आकडा वाढला की ताकद वाढली असं सगळ्यांनाच वाटतं. जड वजन एकदा ढकलायचं असेल तर सरावही जड हवा, कमी वेळा हवा आणि दोन सेटच्या मध्ये पुरती विश्रांती हवी.

पण वजन हे निम्मंच दुखणं. उरलेलं निम्मं तूच पत्रात लिहिलंयस: ‘अंग फिरतं’. उजवा हात टेकलेला असताना डाव्या खांद्याखाली काहीच नसतं. तो खांदा खाली पडू बघतो आणि धड त्याच्याबरोबर पिळलं जातं. हा पीळ दंड थांबवत नाहीत. तो थांबवतात पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू, कुल्ले, मांडीची आतली बाजू आणि टेकलेल्या हाताच्या खांद्याचं पातं. ते सैल असले की दंडात कितीही ताकद असली तरी ती जमिनीपर्यंत पोचत नाही, वाटेत कमरेत सांडते.

इथे तुझ्या जोरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जोर काढताना कुल्ले वर घेऊन आपण छाती जमिनीलगत पुढे नेतो, आणि शेवटी हात सरळ होताना कंबर खाली सोडून छाती वर उचलतो. जोर तसाच काढायचा असतो. खांदे मोकळे राहतात, पाठ लवचिक होते, मल्लाला दोन्ही लागतं. पण नववीपासून हजारो वेळा तुझ्या अंगाने हेच गिरवलंय की हात सरळ होताना कंबर सोडायची. एका हातावर नेमकं उलट लागतं. हात वाकलेला असो की सरळ होत असो, कंबर तसूभरही हलता कामा नये. म्हणून जोर चालू ठेव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

कंबर किती धरते ते मनगट दुखायचं थांबलं की बघ. दोन्ही तळहात टेकून पुश-अपच्या वरच्या अवस्थेत ये. दोन पायांत तीन फूट अंतर घे. अर्धा लिटरची पाण्याची बाटली अर्धी भर आणि कुणाला तरी ती तुझ्या कमरेवर, पाठीच्या कण्याच्या पन्हाळीत, कण्याच्या दिशेने आडवी ठेवायला सांग. आता डावा हात सावकाश उचलून मांडीला लाव आणि 20 सेकंद थांब. मग हात बदल. बाटली घरंगळली तर कंबर फिरली. बहुतेकांची बाटली पहिल्या तीन-चार सेकंदांतच खाली येते, आणि हात उचलायच्या क्षणीच येते, कारण उचलण्याआधी वजन टेकत्या हाताकडे सरकवायचं राहून गेलेलं असतं. आधी वजन सरकव, मग हात उचल. दोन्ही बाजूंना 20-20 सेकंदांचे तीन सेट बाटली न पडता होईपर्यंत जमिनीवरचा एका हाताचा प्रयत्न पूर्ण बंद. दीड महिना रोज तोच अर्धवट, पिळलेला पुश-अप करून तू अंगाला पिळायचीच सवय लावतोयस.

आता खरा पुश-अप. मी उजव्या हाताचं सांगतो, डाव्याला बाजू उलट कर.

पाय तीन फूट फाकव, चवडे जमिनीत रोव. मोजे घालून फरशीवर करू नकोस, पाय सुटतो. अनवाणी किंवा रबरी तळाचे बूट. उजवा तळहात साध्या पुश-अपला ठेवतोस त्यापेक्षा आत, छातीच्या मध्यरेषेकडे ठेव. खांद्याच्या सरळ खाली किंवा त्याहून दोन-तीन बोटं आत. बहुतेकांची पहिली चूक हीच असते, की हात सवयीने बाहेर ठेवला जातो. एक हात आणि दोन पाय मिळून तिपाई होते. अंगाचं वजन त्या तीन टेकूंच्या मधोमध यायला हवं. हात जितका बाहेर, तितकं वजन डाव्या बाजूला लोंबतं आणि पीळ वाढतो. पाय फाकवण्याचं कारणही हेच. पुढे ताकद आली की पाय जवळ आणता येतात. खांद्याइतक्या अंतरावर पाय ठेवून करणं फारच अवघड आहे, आत्ता त्याच्या नादी लागू नकोस.

बोटं पसरव, मधलं बोट पुढे. तळहात जागचा न हलवता बाहेरच्या दिशेने पिळायचा जोर लाव, उजव्या हाताला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. कोपराची आतली घडी पुढे वळते आणि खांदा सांध्यात घट्ट बसतो. खांदा कानापासून खाली ओढ. डावा हात पाठीमागे कमरेवर किंवा डाव्या मांडीवर. मांडीवर ठेवलेला बरा, कारण कंबर फिरली की लगेच हाताला कळतं. आता कुल्ले आवळ, गुडघे ताठ कर, कुणीतरी पोटात ठोसा मारणार आहे असं समजून पोट कडक कर, आणि डाव्या पायाचा चवडा मुद्दाम जमिनीत दाब. उजवा तळहात ते डावा पाय ही तिरकी रेघ बहुतेक भार पेलते. ती रेघ मनात धरलीस की निम्मा पीळ जागीच मरतो.

खाली जाताना नाकाने श्वास घे आणि तीन सेकंद मोजत जा. कोपर बरगडीला चिकटवू नकोस आणि बाहेरही फेकू नकोस, अंगाशी 30 ते 45 अंशांत राहू दे. तळाशी गेल्यावर बाजूने बघणाऱ्याला तुझी कोपर ते मनगट ही नळी उभी सरळ दिसायला हवी. कोपर मनगटाच्या मागे पायांकडे घसरलं तर सगळा ताण कोपराच्या सांध्यावर येतो. दोन्ही खांदे जमिनीपासून सारख्या उंचीवर हवेत. डावा खांदा आधी खाली गेला की तुझा पुश-अप तिथेच बिघडला, मग वर येताना अंग वळवळत येणार. छाती आणि जमिनीत एक मूठभर अंतर उरलं की क्षणभर थांब, आणि दातांतून ‘स्स’ करत श्वास सोडत जमीन दूर ढकल. छाती आणि कुल्ले एकाच वेळी सुटले पाहिजेत. कुल्ले आधी उठत असतील तर तेवढी उंची तुला अजून जड आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून हा प्रकार करूच नये.

उंची म्हणालो, कारण सगळा रस्ता उंचीचा आहे. बरीच पोरं एका हाताचा पुश-अप सोपा करायला गुडघे टेकतात. त्याने वजन कमी होतं, पण पाय आणि कंबर कामातून सुटतात, आणि आपल्याला तर तीच शिकवायची आहेत. पाय जमिनीवर ताठ ठेवून हात उंचावर घेतलास की भार कमी होतो आणि अंगाची बांधणी तीच राहते. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून सुरुवात कर, तो साधारण 33 इंच असतो. कोरडा पुसून घे, नाहीतर हात सटकून हनुवटी आपटते. रंकाळ्यावर फिरायला जात असशील तर तिथला कमरेएवढा कठडाही चालतो. त्यानंतर पलंग किंवा बाकाची उंची, म्हणजे 18 इंच. बाक भिंतीला टेकवून ठेव.

त्याखाली लोक जिन्याच्या पायऱ्या वापरतात. वरच्या पायऱ्यांना ठीक आहे, पण खालच्या पायऱ्यांवर हात आला की पुढची पायरी नाकाशी येते, मान मागे ओढली जाते आणि खोली मिळत नाही. त्यापेक्षा विटा घे. विटेची जाडी साधारण तीन इंच. दोन विटा शेजारी-शेजारी असे चार थर रचलेस की 12 इंच होतात. वर पोत्याची घडी टाक, म्हणजे हात खरचटत नाही. मग जमेल तसा एकेक थर काढायचा: 12, 9, 6, 3 आणि जमीन. थर सपाट फरशीवर रचायचा, तालमीच्या हौद्यातल्या मातीत नाही, तिथे विटा डगमगतात.

कुठली उंची तुझी हे कसं ठरवायचं? जिथे दोन्ही हातांनी प्रत्येकी तीन पुश-अप वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ होतात, ती. डाव्याला जमत नसेल तर डाव्याला जमेल ती उंची उजव्यालाही. प्रत्येक सेट डाव्याने सुरू कर आणि डाव्याचे जितके झाले तितकेच उजव्याने कर, एकही जास्त नको. उजवा नाराज होईल, होऊ दे. त्याला पुढे पळू दिलंस तर फरक वाढतच जाईल.

सोमवार आणि गुरुवार प्रत्येक हाताचे तीन-तीनचे पाच सेट. एक हात झाला की एक मिनिट थांब, दोन्ही झाले की दोन ते तीन मिनिटं. घड्याळ लावून थांब, कारण तालमीतल्या सवयीने तू 30 सेकंदांत परत टेकणार. तीनाचे चार, चाराचे पाच झाले आणि दोन वेळा ओळीने पाच-पाचचे पाच सेट स्वच्छ निघाले की पुढच्या कमी उंचीवर उतर आणि पुन्हा तीनपासून धर. शनिवारी दुसरं काम. दोन्ही हात खूप लांब ठेवून एका हाताकडे झुकत खाली जायचं, दुसरा हात सरळच राहतो आणि नावापुरता टेकू देतो. फरशीवर सरळ हाताखाली फडक्याची घडी ठेवलीस तर तो सरकत बाहेर जातो आणि त्याच्यावर रेलता येत नाही. याचे प्रत्येक बाजूला पाच-पाचचे तीन सेट. विटांचे दोनच थर उरले की यात आणखी एक भर घाल: जमिनीवर एका हाताने पाच सेकंद मोजत खाली जायचं, तळाशी दुसरा हात टेकून दोन्ही हातांनी वर यायचं. प्रत्येक हाताला तीनच. हे दिसतं सोपं, पण दुसऱ्या दिवशी छाती आणि दंड चांगलेच धरतात, म्हणून आठवड्यातून एकदाच.

हे सगळं मेहनतीच्या सुरुवातीला, अंग तापल्यावर लगेच. 100 जोर काढून झाल्यावर एका हाताचा सराव करणं म्हणजे थकलेल्या अंगाला चुका शिकवणं. या तीन दिवशी जोर 40 वर आण आणि शेवटी काढ, इतर दिवशी नेहमीसारखे चालू दे. आणि ढकलण्याइतकंच ओढणंही हवं. तालमीत दोर असेल तर दोर चढ, नाहीतर बारवर सहा ते आठचे तीन सेट पुल-अप. फक्त ढकलणाऱ्यांचे खांदे पुढे येऊ शकतात.

मनगटाचं बोलू. दहा दिवस जमिनीवरचा एका हाताचा सराव बंद, ओट्याच्या उंचीवर दुखत नसेल तरच कर. जमिनीवर मनगट जवळपास काटकोनात मागे वाकतं, आणि त्यावर तू रोज 48 किलो ठेवत होतास. त्यातून तालमीच्या मऊ मातीत तळहाताची टाच रुतते आणि मनगट आणखी वाकतं. म्हणून हा सराव कडक जागेवर कर. पुश-अपचे हँडल मिळाले तर मनगट सरळ राहतं, जाड मॅटवर मूठ टेकूनही चालतं. सरावाआधी रांगत्या अवस्थेत तळहात टेकून पुढे-मागे झुलायचं, 15 वेळा. मग तळहात उलटा करून, बोटं गुडघ्यांकडे, हलकेच 10 वेळा. मग हात सरळ ठेवून फक्त खांद्याची पाती जवळ आणायची आणि दूर न्यायची, 10-10 चे दोन सेट. शेवटी साधे सावकाश 10 पुश-अप. नोव्हेंबरच्या पहाटे अंग थंड असतं, तेव्हा आधी पाच मिनिटं दोरीच्या उड्या मार. पुश-अप करताना सगळा भार तळहाताच्या टाचेवर सोडू नकोस, बोटांच्या पेरांनी जमीन पकडून धर. एवढ्या एका गोष्टीने अनेकांची मनगटं शांत होतात.

खांद्यातली कट्ट दुखत नसेल तर तिच्यामागे लागू नकोस. आवाजाबरोबर खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असेल तर कोपर बाहेर पळतंय का ते आधी बघ आणि कळ थांबेल इतकी उंची वाढव. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा करंगळीकडे मुंग्या येऊ लागल्या, किंवा रात्री खांद्यावर झोपता येईना, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. लेप लावून आणि चोळून घेऊन पुढे रेटू नकोस.

खाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण थोडक्यात: रोज 100 ते 110 ग्रॅम प्रथिनं तुझ्या वजनाला पुरतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं अर्धा लिटर म्हशीचं दूध त्यातले 18-20 ग्रॅम देतं, एक अंडं सहा. बाकी डाळ, उसळ, मटण यांतून भरून निघतं. फक्त मिसळ खाऊन मेहनतीला उतरू नकोस, पोट कडक धरता येत नाही.

तीन महिन्यांत होईल का? मनगट दहा दिवसांत बरं झालं आणि थर काढायची घाई केली नाहीस, तर उजव्या हाताचा एक स्वच्छ पुश-अप 19 फेब्रुवारीपर्यंत होईल असं मला वाटतं. डाव्याचं वचन मी देणार नाही, त्याला बहुधा वैशाखातली पारंपरिक शिवजयंती उजाडेल. पैज लावणाऱ्यांना आधीच सांग की मोजायचा कसा: पाय तीन फुटांच्या आत, छाती जमिनीपासून मूठभर, तळाशी क्षणभर थांबणं आणि खांदे समांतर. कुणीतरी समोरून व्हिडिओ काढावा, बाजूने नाही, कारण पीळ समोरूनच दिसतो. आदल्या दोन दिवशी एका हाताचा सराव करू नकोस. त्या दिवशी गर्दीत उभं राहून अंग गार पडू देऊ नकोस, पाच-दहा मिनिटं आधी कडेला जाऊन मनगटं आणि खांदे तापव, ओट्याच्या उंचीवर प्रत्येक हाताचे दोन कर आणि मग ये. डांबरी रस्त्यावर खडी टोचते, घडी केलेला टॉवेल सरकतो, म्हणून पातळ रबरी मॅट घरून घेऊन जा.